आईच्या बीपीच्या गोळीपासून सुरू झालेलं पबमेड: पाच वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, फार्मसीतलीही नाही. प्रत्येक घरात एक व्यक्ती असते बघा, आई-बाबांच्या फाईली सांभाळणारी, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणारी, आणि डॉक्टरांच्या केबिनमधून उठता उठता "अजून एक विचारायचं होतं" म्हणणारी, आमच्या घरात ती मी आहे. पाच वर्षं झाली पबमेड वापरतेय, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी उघडतेच. लोक मोबाईलचे, हेडफोनचे लांबलचक रिव्ह्यू लिहितात आणि मीही ते वाचूनच वस्तू घेते, पण ज्या साईटने आमच्या घरातले कितीतरी निर्णय शांत डोक्याने घ्यायला मदत केली तिच्याबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा खटाटोप. मोठं झालंय, सावकाश वाचा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पबमेड म्हणजे जगभरात वैद्यकीय संशोधनाचे जे पेपर छापले जातात त्यांची शोधता येणारी यादी, अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन ती चालवते. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. हृदय, किडनी, मेंदू, बाळंतपण, त्वचा, दात, मानसिक आजार, काय हवं ते. पैसे लागत नाहीत, अकाउंटसुद्धा लागत नाही, जाहिराती नाहीत. मला सगळ्यात भारावून टाकणारी गोष्ट म्हणजे ही यादी करायचं काम १८७९ मध्ये सुरू झालं, जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी डॉक्टरांनी 'इंडेक्स मेडिकस' नावाने छापील सूची काढायला सुरुवात केली, मग १९६० च्या दशकात ती कॉम्प्युटरवर गेली, १९९६ मध्ये पबमेड आलं आणि जून १९९७ पासून सगळ्यांसाठी फुकट झालं. त्याआधी असा सर्च करायचा तर लायब्ररीत जाऊन, पैसे मोजून करावा लागायचा. आज मी रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून तेच करते. एवढ्या पिढ्यांनी एकेका पेपरला विषयाचं लेबल लावत बसायचं आणि मग ते सगळं कुणालाही उघडून द्यायचं, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

आता माझी सुरुवात कशी झाली ते सांगते. आई बीपीची गोळी सकाळी घ्यायची. एक दिवस फॅमिली ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकला की बीपीची गोळी रात्री झोपताना घेतली तर हार्ट अटॅक आणि पॅरालिसिस जवळपास निम्म्याने कमी होतात, रिसर्चने सिद्ध झालंय. आईने लगेच गोळी रात्रीच्या डबीत टाकली. मी म्हटलं आई थांब, आजची सकाळची घेतलीयेस ना, मग रात्री परत कशी घेशील, आधी मला बघू दे. आणि त्या रात्री पहिल्यांदा पबमेड उघडलं.

मला वाटलं होतं फॉरवर्ड खोटा निघेल. नाही निघाला. खरंच स्पेनमधली एक ट्रायल होती, हायजिया नावाची, २०१९ मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आलेली, १९,०८४ लोक, सहा वर्षांहून जास्त फॉलो-अप, आणि रात्री गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे मोठे त्रास ४५ टक्क्यांनी कमी. मी तो सारांश प्रिंट करून डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी चिडचिड केली नाही, नीट वाचला आणि म्हणाले, "नुसती गोळीची वेळ बदलून एवढा फायदा? नवीन औषध आणलं तरी एवढा मिळत नाही. या पेपरवर बऱ्याच जणांनी प्रश्न विचारलेत, लोकांची वाटणी नेमकी कशी केली यावर. ब्रिटनमध्ये एक मोठी ट्रायल चालू आहे, तिचा निकाल येऊ द्या. तोवर आईंचं जसं चाललंय तसंच चालू ठेवा."

इथे पबमेडचं मला सर्वात आवडणारं फीचर कामाला आलं. फुकटचं अकाउंट काढलं की कुठल्याही सर्चवर अलर्ट लावता येतो, त्या विषयावर नवीन पेपर आला की ईमेल येतो, रोज, आठवड्याला किंवा महिन्याला, आपण ठरवू तसं. मी बीपीची गोळी, सकाळ, रात्र असे शब्द टाकून अलर्ट लावला आणि विसरूनही गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ईमेल आला. डॉक्टर म्हणाले होते ती ब्रिटनमधली ट्रायल, टाईम नावाची, लॅन्सेट नावाच्या जर्नलमध्ये, २१,१०४ लोक, पाच वर्षांहून जास्त फॉलो-अप. रात्री घेणाऱ्यांमध्ये ३.४ टक्के लोकांना हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा त्यातून मृत्यू, सकाळी घेणाऱ्यांमध्ये ३.७ टक्के, म्हणजे दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. जेव्हा लक्षात राहील तेव्हा घ्या. पुढे २०२५ मध्ये कॅनडातली बेडमेड नावाची ट्रायल आली, ३,३५७ लोक, तिचाही निकाल तोच. एका फॉरवर्डपासून तीन ट्रायलपर्यंतचा हा प्रवास मी माझ्या डोळ्यांनी बघितला, आणि संशोधन म्हणजे काय हे मला शाळेत जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्यात कळलं. एक पेपर म्हणजे शेवटचा शब्द नाही, पुढचा कोणीतरी तोच प्रश्न आणखी काटेकोरपणे परत विचारतो. मामांना तिन्ही लिंक पाठवल्या, त्यांनी त्या ग्रुपवर स्वतः टाकल्या, याचं मला फार बरं वाटलं.

वापरायला कसं आहे? सुरुवातीला घाबरायला होतं हे खरं. एक सर्च बॉक्स, डावीकडे फिल्टर, वर वर्षांचा छोटासा आलेख, बस. पण आतून खूप विचार केलेला आहे. तुम्ही साध्या इंग्रजीत हार्ट अटॅक टाईप केलं तरी ते आपलं आपण मायोकार्डियल इन्फार्क्शनही शोधतं, कारण मागे मेश नावाचा शब्दांचा एक मोठा कोश आहे, साधा शब्द आणि डॉक्टरी शब्द त्यात जोडलेले असतात. मला जे कळलं ते असं, की सर्चमध्ये अख्खं वाक्य लिहू नका, तीन-चार नेमके शब्द टाका, मग डावीकडे रँडमाईज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोकांचे गट पाडून केलेली तुलना) किंवा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू यावर टिक करा. हजारो निकालांचे पन्नास-साठ होतात आणि ते वाचता येतात. नवखं असाल तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यूपासूनच सुरुवात करा, कारण त्यात कुणीतरी आधीचे सगळे अभ्यास शोधून, तपासून एकत्र मांडलेले असतात. उंदरांवरचे प्रयोग वगळायला ह्युमन्सचा फिल्टर आहे, पण तो जपून वापरा, ज्या पेपरना मेशची लेबलं लागलेली नसतात ते त्यात गळून पडतात, कामाचे असले तरी.

आणि एक, निकाल बाय डिफॉल्ट बेस्ट मॅचनुसार येतात, तारखेनुसार नाही. ताजं हवं असेल तर मोस्ट रीसेंट करायला विसरू नका. मी पहिले सहा महिने विसरत होते.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. पबमेड तुम्हाला पेपर देतं, मत देत नाही. एखादा पेपर तिथे आहे म्हणजे सरकारने किंवा लायब्ररीने त्याला शाबासकी दिली असा अर्थ अजिबात नाही, त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय. त्यामुळे सारांश वाचायची सवय लावून घ्यावी लागते आणि ती लागली की बातम्या वाचायची तुमची पद्धतच बदलून जाते. मी आता कुठलाही सारांश उघडला की शेवटचं कन्क्लुजन आधी वाचत नाही. आधी बघते लोक किती, कोण, कशाशी तुलना केली, किती दिवस बघितलं. मग आकडे. कन्क्लुजन सगळ्यात शेवटी.

यातलं 'कोण' किती महत्त्वाचं ते आईच्याच केसमध्ये कळलं. वरचं बीपी १४० च्या ऐवजी १२० च्या खाली ठेवावं का यावर २०१५ ची स्प्रिंट नावाची प्रसिद्ध ट्रायल आहे, ९,३६१ लोक, १२० वाल्या गटात हृदयाचे त्रास आणि त्यातून मृत्यू मिळून २५ टक्के कमी. मी खूश होऊन तो कागद घेऊन निघाले होते, पण रिक्षात बसल्या बसल्या परत वाचताना लक्षात आलं की डायबेटिस असलेल्यांना त्यात घेतलेलंच नव्हतं. आईला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. म्हणजे हा पेपर कितीही मोठा असला तरी तो माझ्या आईबद्दल नव्हता. मग शोधलं तर शुगरवाल्यांसाठी २०१० ची अकॉर्ड ट्रायल सापडली, ४,७३३ लोक, त्यात एकूण फायदा ठामपणे दिसला नव्हता. आणि २०२४ मध्ये चीनमधून बीपीरोड आली, शुगर असलेले १२,८२१ लोक, त्यात मात्र १२० च्या गटात हृदय आणि स्ट्रोकचे त्रास साधारण २१ टक्क्यांनी कमी झाले, पण बीपी फार खाली जाणं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढणं हेही त्या गटात जास्त. डॉक्टरांनी हे तिन्ही बघून, आईला उठताना चक्कर येते का, किडनीचा रिपोर्ट कसा आहे हे तपासून मग ठरवलं. मी काही ठरवलं नाही आणि ठरवूही नये. पण मी प्रश्न बरोबर विचारू शकले आणि त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं.

स्प्रिंटमधलीच अजून एक बारीक गोष्ट सांगते कारण ती फुकट आहे आणि कुणीही करू शकतं. त्यात बीपी मोजायची पद्धत ठरलेली होती, पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मशीनने तीन वेळा मोजायचं आणि त्यांची सरासरी घ्यायची. आमच्या घरी काय चालायचं, आई जिना चढून आली की मी पट्टा बांधायचे, त्यात ती शेजारच्यांचं काहीतरी सांगत असायची, आणि आकडा १५८ आला की दोघींचा जीव खालीवर. आता खुर्ची ठरलेली आहे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, मोबाईल लांब, पाच मिनिटं बोलायचं नाही. आईला ती पाच मिनिटं फार जड जातात. पण वहीतले आकडे एकदम वेगळे यायला लागले, आणि डॉक्टरही आता वही बघतात.

आता टक्क्यांबद्दल. वजन कमी करायच्या इंजेक्शनची, सेमाग्लुटाईडची, सिलेक्ट ट्रायल २०२३ मध्ये आली तेव्हा सगळीकडे हेडलाईन होती, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा त्यातून मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी. बरोबरच आहे ते. पण सारांशात पुढे आकडे दिलेत, साखरेच्या गोळीसारखं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ८ टक्के आणि खरं घेणाऱ्यांमध्ये ६.५ टक्के लोकांना हृदयाचा मोठा त्रास झाला, साधारण सव्वातीन वर्षांत. म्हणजे शंभरात दीड माणसाचा फरक. आणि त्रासामुळे औषध कायमचं सोडणारे खऱ्या गटात १६.६ टक्के, खोट्या गटात ८.२ टक्के. शिवाय ही सगळी माणसं आधीच हृदयरोग असलेली होती, जाड पण शुगर नसलेली. म्हणजे औषध वाईट आहे असं मी बिलकुल म्हणत नाहीये, शंभरात दीड म्हणजे लाख लोकांत दीड हजार, ते कुणाचे तरी आई-बाबाच आहेत. पण २० टक्के ऐकून डोक्यात जे चित्र येतं ते आणि हे चित्र वेगळं आहे, आणि औषध घेणाऱ्याला दोन्ही माहीत असायला हवीत.

याहून जास्त मला लागलं ते अल्झायमरच्या औषधाचं. आमच्या एका जवळच्या काकांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला तेव्हा काकूंनी मला लेकानेमॅबची बातमी पाठवली, आजार २७ टक्क्यांनी मंदावतो म्हणून. फोनवर त्यांच्या आवाजात जी आशा होती ती ऐकून मी त्या रात्री पेपर तीन वेळा वाचला. १,७९५ लोक, १८ महिने, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला आजार. ज्या मोजपट्टीवर मोजलं ती शून्य ते अठराची आहे, जितके जास्त मार्क तितकी परिस्थिती वाईट. औषध घेणाऱ्यांचे मार्क १८ महिन्यांत १.२१ ने वाढले, न घेणाऱ्यांचे १.६६ ने. फरक ०.४५. त्याला २७ टक्के म्हणतात. फरक खरा आहे, योगायोगाचा नाही, पण अठरातला अर्धा मार्कसुद्धा नाही, आणि दोन्ही गटांतली माणसं खालीच जात होती. वर औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांत स्कॅनवर मेंदूला सूज दिसली. हे काकूंना फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, मी घरी गेले, कागदावर दोन रेघा काढल्या, दोन्ही उतरणाऱ्या, एक जरा हळू उतरणारी. काकूंनी बराच वेळ त्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे परत पूर्वीसारखे होणार नाहीत ना गं?" मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी त्यांच्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो, काकांचा आजार तोवर त्या ट्रायलमधल्या टप्प्याच्या पुढे गेला होता, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. पण काकूंनी नंतर मला सांगितलं की त्या कागदाने त्यांची धावपळ थांबली, आणि काकांसोबत बसायला वेळ मिळाला.

कॅन्सरच्या बातम्यांचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये डोस्टारलिमॅब नावाच्या औषधाची बातमी आली होती, सगळ्या रुग्णांचा कॅन्सर गायब. पेपर उघडला तर १२ रुग्ण, सगळ्यांना गुदाशयाचा कॅन्सर, आणि तोही एका विशिष्ट प्रकारचा ज्यात पेशींची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार थोड्याच लोकांत असतो. माझ्या मावशीला आतड्याचा कॅन्सर होता तेव्हा आम्ही डॉक्टरांना हा प्रकार ओळखायची टेस्ट केलीये का विचारलं, केलेली होती, मावशी त्या प्रकारात बसत नव्हती. वाईट वाटलं, पण खोट्या आशेवर वेळ आणि पैसा गेला नाही. आणि न्यायाने हेही सांगायला हवं की त्या संशोधनात पुढे दम निघाला, २०२५ मध्ये त्याच गटाचा मोठा पेपर आला, गुदाशयाचा कॅन्सर असलेले ४९ जण उपचार पूर्ण करून बसले होते आणि ४९ च्या ४९ जणांमध्ये गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशनशिवाय. ज्यांच्या घरी गुदाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर आहे त्यांनी ती टेस्ट झालीये का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सगळंच काही जड नाही हो. काही पेपर असे असतात की वाचून दिवसभर बरं वाटतं. माझा सगळ्यात आवडता म्हणजे ई-मोटिव्ह, २०२३ चा. बाळंतपणानंतर होणाऱ्या रक्तस्रावावर, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या दवाखान्यांत, दोन लाखांहून जास्त बायका. काही महागडं मशीन नाही. रक्त अंदाजाने न मोजता खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून मोजायचं, आणि ठरावीक रेषेच्या वर गेलं की गर्भाशयाला मसाज, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकामागून एक वाट न बघता लगेच करायचं. जास्त रक्तस्राव, त्यासाठी ऑपरेशन किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर. एक पिशवी आणि ठरलेला क्रम! हा पेपर मी माझ्या बहिणीला पाठवला, ती नर्स आहे, आणि ती म्हणाली आम्ही अजून कापडाकडे बघूनच अंदाज करतो, मी हे आमच्या सिस्टरना दाखवते.

बाबांच्या गुडघ्याचंही सांगते थोडक्यात. दुर्बिणीने गुडघा साफ करून घ्या असं एकाने सुचवलं होतं. २००२ चा एक पेपर आहे, १८० लोक, गुडघ्याची झीज असलेले, काहींना खरं ऑपरेशन, काहींना फक्त त्वचेवर चिरा देऊन टाके. दोन वर्षं बघितलं, दुखण्यात काही फरक नाही. त्यातल्या प्रत्येकाने आधी फाईलमध्ये स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की मला खोटंच ऑपरेशन मिळू शकतं हे मला कळतंय. त्या १८० जणांचं मला फार कौतुक वाटतं, त्यांच्यामुळे माझ्या बाबांच्या गुडघ्यावर सुरी चालली नाही. जवळपास सगळे पुरुष होते त्या ट्रायलमध्ये हे मात्र लक्षात ठेवायचं. नंतर फिनलंडमधूनही २०१३ मध्ये अशीच खोट्या ऑपरेशनशी तुलना करणारी ट्रायल आली, गुडघ्यातल्या वयानुसार फाटलेल्या गादीसाठी, १४६ लोक, तिथेही वर्षभरानंतर फरक नव्हता. बाबा आता व्यायाम करतात, कुरकुर करत का होईना.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, बहुतेक वेळा फक्त सारांश मिळतो. पूर्ण पेपर हवा असेल तर प्रकाशकाच्या साईटवर जावं लागतं आणि तिथे एका पेपरचे जे पैसे सांगतात ते बघून सर्वसामान्य माणूस परत फिरतो. मी एकदा भरले, एका प्रकाशकाच्या साईटवर, आणि चोवीस तासांनी लिंक बंद झाली, डाउनलोड राहिलं, कस्टमर केअरने उत्तर दिलं नाही. तेव्हा रडूच आलं होतं, कारण तो पेपर मावशीसाठी होता. यात पबमेडचा दोष नाही, पण वापरणाऱ्याला अडचण तर होतेच. त्यावर उपाय आहेत. फ्री फुल टेक्स्टचा फिल्टर लावा, त्यांचंच पीएमसी नावाचं फुकट भांडार आहे तिथे लाखो पेपर पूर्ण मिळतात. आणि नाहीच मिळालं तर लेखकाला ईमेल करा, पत्ता बऱ्याचदा सारांशाच्या वर लेखकांच्या माहितीत असतो. मी आतापर्यंत अकरा जणांना लिहिलं, सात जणांनी पेपर पाठवला, एका प्राध्यापक बाईंनी तर वर दोन ओळी लिहून आईची तब्येत विचारली.

दुसरी तक्रार, कमकुवत जर्नलचे पेपरही त्याच यादीत, त्याच अक्षरात, चांगल्या पेपरच्या शेजारी येतात. नवीन माणसाला फरक कळत नाही. किमान मेडलाईनमध्ये, म्हणजे पबमेडच्याच आतल्या पारखून केलेल्या यादीत, निवडून घेतलेली जर्नल्स आणि बाकीची यांना वेगळा रंग दिला असता तर बरं झालं असतं. तिसरी, सगळं इंग्रजीत, आणि तेही अवघड. आईला थेट वाचायला देता येत नाही, मला मध्ये बसून सांगावं लागतं.

पण एका बाबतीत त्यांना पैकीच्या पैकी. पेपर मागे घेतला गेला की त्या पानावर ठळक लाल पट्टी येते. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावर ९६ हजार रुग्णांचा म्हणून एक पेपर आला, जगभर खळबळ, काही ट्रायल थांबवल्या गेल्या, आणि मूळ डेटा कुणाला तपासायला मिळेना म्हणून दोन आठवड्यांच्या आत, ४ जूनला मागे घेतला गेला. त्याची पीडीएफ आजही लोकांच्या मोबाईलमध्ये फिरत असेल, पीडीएफवर पट्टी येत नाही, पबमेडच्या पानावर येते. म्हणून कुणी पीडीएफ पाठवली तर मी आधी पबमेडवर तो पेपर उघडून बघते. तसंच सारांशाच्या खाली कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट असतं, लेखकांनी कुठल्या कंपनीकडून पैसे घेतलेत ते. कंपनीचा पैसा म्हणजे खोटं असं नाही, वर सांगितलेल्या सेमाग्लुटाईड आणि लेकानेमॅबच्या ट्रायल कंपन्यांच्याच पैशाने झाल्यात, पण वाचताना ते माहीत असावं. आणि ट्रायलच्या सारांशात शेवटी एनसीटीने सुरू होणारा नंबर असतो बऱ्याचदा, त्यावर क्लिक केलं की त्या ट्रायलची नोंद उघडते, आणि तिच्या जुन्या आवृत्त्यांत त्यांनी आधी काय मोजणार म्हणून लिहून दिलं होतं ते दिसतं. आधी लिहिलेलं एक आणि पेपरात ठळक केलेलं दुसरंच, असं दिसलं तर मी तो पेपर डॉक्टरांना दाखवताना तसं पेन्सिलीने लिहून ठेवते.

हल्ली बरेच जण म्हणतात एवढं कशाला, चॅटबॉटला विचार. विचारते ना मी पण, अवघड शब्द समजून घ्यायला छान आहे. पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मी पबमेडवर टाकून बघते, कारण कधी कधी तो पेपर अस्तित्वातच नसतो, नाव अगदी खऱ्यासारखं, लेखकही खरे वाटणारे, पण पेपर नाही. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा एक नंबर असतो, तो नंबर सर्चमध्ये टाकला की तोच पेपर उघडायला हवा. दुसराच उघडला किंवा काहीच आलं नाही तर तिथेच थांबायचं.

डॉक्टरांकडे नेताना एक विनंती, दहा पेपरांचा गठ्ठा नेऊ नका. एक, फार तर दोन, आणि आपला प्रश्न वर एका ओळीत लिहिलेला. "हा अभ्यास आमच्या पेशंटला लागू होतो का?" एवढाच प्रश्न. आमचे डॉक्टर चांगले आहेत हे मान्य, पण त्यांच्याआधी एका ठिकाणी मी सहा प्रिंट घेऊन गेले होते आणि त्यांनी फाईल बंद करून बाजूला ठेवली होती. मला तेव्हा राग आला होता, पण बाहेर वीस पेशंट बसले होते हेही खरं. आणि कुठलीही गोळी सारांश वाचून स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका, प्लीज. सारांशात तुमची किडनी नसते, तुमच्या बाकीच्या गोळ्या नसतात.

रेटिंग द्यायचं तर साडेचार स्टार. अर्धा कापला तो चांगल्या-वाईट जर्नलमध्ये फरक दाखवत नाहीत म्हणून. पूर्ण पेपर मिळत नाही त्याचे मी यांचे मार्क कापणार नाही, तो राग दुसरीकडचा आहे.

आज सकाळीच गुडघ्याच्या झिजेच्या अलर्टचा ईमेल आलाय, चौदा नवीन पेपर. त्यातला व्यायामावरचा एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कामाचा वाटतोय, फुकट पूर्ण मिळतोय. प्रिंट काढून बाबांच्या फाईलमध्ये लावला, वर पेन्सिलीने प्रश्न लिहिलाय. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे.